गोदावरी उठत न्हाई

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एसीच्या जाळ्या धुतल्या.

रविवारची संध्याकाळ होती. कंपनीत मशिनीच्या खोलीला दोन एसी, त्यांच्या चार जाळ्या. त्या मी सायकलला बांधून घरी आणायचो, कारण कंपनीत घासून घासून जाळी फाडणारे बहाद्दर आहेत. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो. म्हणून ती कपडे खळबळलेलं पाणी टपात राखून ठेवायची. तांब्यानं ती पाणी ओतायची, मी जुन्या दाताच्या ब्रशनं घासायचो.

"अलीकडून घासा," म्हणली. "तिकडं काय घासून राह्यले? तिकडचं निघालं कवाच."

मंग तिनं चारी जाळ्या अंगणातल्या तारेला चिमटे लावून वाळत घातल्या आन म्हणली, "सकाळपर्यंत वाळतील. आठवणीनं न्या."

ह्याच्या पुढं काही बोलली असंल तर मला आठवत न्हाई. मी जेवलो आन झोपलो.

दिवाळी अंकाचे लोक घरी आल्ते. म्हणले, मामा, नोकरीतलं लिहा, लोकांना ही मशिनीची कामं माहीत न्हाईत. मी चौथी पास. पोरगी सुनीता म्हणली, लिहा, मी शुद्ध करून देते. तिला म्हणलं हात लावू नको. तव्हा हे जसं आहे तसं आहे.

मी जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत वायरमन होतो. जनरेटर, मोटारी, पंखे, एवढंच काम. मंग शेठजींनी एक खोली थंड करून घेतली आन तिच्यात लोखंडी घोड्यावर चार सर्व्हर बसवले. पुण्याहून एक मॅडम आल्या, केतकी मॅडम. माझ्या पोरीपेक्षा लहान. त्या म्हणल्या, "मामा, मी पुण्यात बसून हे सगळं चालवणार. पण मला इथं हात नाहीत. माझे हात तुम्ही." तिथून पुढं रिटायर होईस्तोवर मी त्या बाईचे हात होतो. तिच्या तोंडापेक्षा तिचा आवाज मला जास्त माहीत आहे.

काम काय ते सांगतो. एक मोठी मशीन, तिच्या पोटात आठ-दहा खोट्या मशिनी. एका घरात आठ-दहा बिऱ्हाडं असावीत तसं. एक बिऱ्हाड गोदामाचं, एक बिलाचं, एक पगाराचं. दिवसा काम जास्त, तव्हा चारी घरं लागतात. संध्याकाळी अंबडचं गोदाम बंद झालं, भोकरदनचं बंद झालं की काम उरत न्हाई. मंग मॅडमनी लावून ठेवलं होतं तसं, सगळी बिऱ्हाडं आपोआप एका घरात जायची आन बाकीची तीन घरं झोपायची. पंखे बंद, दिवे बंद. लाइट वाचती. सकाळी सातला पुण्याहून हाक यायची, तिघी उठायच्या, बिऱ्हाडं आपापल्या घरी परत.

आता झोपलेल्या मशीनला हाक ऐकू कशी येती? तर तिच्यात नखाएवढा एक तुकडा असतो, तो झोपत न्हाई. बाकी सगळं बंद, पण त्याला चिमूटभर करंट चालू असतो. बाहेरून बघावं तर मशीन गार पडलेली. मागं वाकून बघितलं तर वायरपाशी ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा. तो तुकडा वायरीला कान लावून बसलेला असतो. आन त्याला साधी हाक चालत न्हाई. त्या मशीनचा स्वतःचा एक लांबलचक नंबर असतो, तेच तिचं खरं नाव. ते नाव सलग सोळा वेळा घेतलं तरच ती उठती. पंधरा वेळा घेतलं तर न्हाई.

शेठजींना हे सांगितलं तर म्हणले, "अरे, बंद मशीनला बिजली पाजून राह्यला का तू?"

म्हणलं, "शेठजी, बंद न्हाई ती. ऐकून राह्यलीय."

त्यांनी पुन्हा कधी त्या खोलीत एकट्यानं पाय टाकला न्हाई.

मॅडमनी चौघींना आपल्याकडच्या नद्यांची नावं दिली होती. पूर्णा, दुधना, कुंडलिका. चौथीचं नाव गोदावरी.

आन माझ्या बायकोचं नाव गोदावरी.

आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत न्हाईत. लग्नात उखाणा घेतला तेवढाच. मी तिला 'अगं' म्हणायचो, न्हाईतर 'सुनीताची माय'. ती मला 'ऐकलं का' म्हणायची. चाळीस वर्षं ह्याच्यात बराबर चाललं, काही अडलं न्हाई. अडलं ते कंपनीत.

एकदा सकाळी सात वाजतात न वाजतात तोच मॅडमचा फोन आला. "मामा, गोदावरी उठत नाहीये. तिच्या मागच्या दोन्ही केबल काढा, थोडं थांबा आणि परत लावा."

मशिनीवरच्या चिठ्ठ्या इंग्रजीत. मला इंग्रजी येत न्हाई. दुसरा कुणी म्हणला असता, मॅडम, गोदावरी कुठली? माझ्या तोंडातून ते निघंना. मी म्हणलो, "चार नंबरची ना?"

"हो, चार."

आता मी मोजत होतो वरून, जसे आपण फळीवरचे डबे मोजतो. त्यांच्या धंद्यात खालून मोजतात. मी खालची ओढली. ती होती पूर्णा, आन सगळी बिऱ्हाडं त्या वक्ताला तिच्यातच होती. अंबड बंद, भोकरदन बंद, बियाणं भरलेल्या गाड्या गेटवर उभ्या. मॅडम ओरडल्या, "मामा, काय केलंत? नावानं विचारायचं ना!"

मी खरं कारण सांगितलं. मंग हसल्या. मंग म्हणल्या, "सॉरी मामा, माझीच चूक. चार वरून की खालून, ते मीच विचारायला हवं होतं." त्यांची चूक नव्हती.

घरी सांगितलं तर ही पोट धरून हसली. "मशीनचं नाव घ्यायला काय जातंय तुमचं? मी हाय का त्या डब्यात?"

ती सातवी शिकलेली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. खंडेनवमीला मशिनीची पूजा असती, तव्हा मी तिला सोबत नेलं. तिनं दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी कापून मराठीत चार नावं लिहिली आन चारी मशिनीला चिकटवली. स्वतःचं नाव लिहिताना पदर तोंडाला लावून हसली. मशिनीला कुंकू लावू दिलं न्हाई मी, तर तिनं लोखंडी घोड्याच्या पायाला लावलं. तेवढ्यात तिला मागचा हिरवा दिवा दिसला.

"ही बंद हाय ना? मंग हे काय?"

मी सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं तसं.

"म्हणजे झोपेत बी ऐकू येतं तिला?"

"नाव घेतलं तर."

"आन न्हाई घेतलं तर?"

"तर पडून राहती."

ती उठली, पदर खोचला आन म्हणली, "मंग माझं बरंय बाई. मी बिननावाची उठते."

ह्याच्या नंतरची एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार न्हाई.

गोदावरी रविवारी आपोआप उठती, हे मला दिसलं. रविवारी कंपनी बंद, गेटवर एक वॉचमन, बाकी कुणी न्हाई. मी दुपारी एसी बघायला जायचो. एका रविवारी मी तिथं स्टुलावर बसून डबा खाऊन राह्यलो होतो. चारातल्या तीन गार. बरोबर साडेबाराला मागं काहीतरी सुस्कारलं. मंग पंखे चढत गेले, सगळे दिवे एकदम आले. मी भाकरी टाकून गेटापर्यंत पळालो. भर उन्हात उभा राहून घाम पुसला. घाम उन्हाचा नव्हता.

पुढच्या रविवारी पुन्हा साडेबारा. त्याच्या पुढच्याही. उठायची, थोडा वेळ जागी राहायची, कुणीच काही काम सांगत न्हाई म्हणून परत झोपायची.

मॅडम म्हणल्या, "मामा, ती स्वतःहून उठत नाही. कुणीतरी तिला हाक मारतंय. तुमच्याच आवारातून."

"आवारात मी आन वॉचमन. वॉचमन झोपलाय."

वायरी धरत धरत मी शोध घेतला. एक वायर भिंतीच्या भोकातून बाहेर गेलती, बाभळीखालून, जुन्या वजनकाट्याच्या केबिनकडं. नवा काटा झाल्यावर ती केबिन बंदच होती. तिथं रहीमचाचा बसायचे. ते वारले त्याला बरेच महिने झाले होते. कुलूप तोडलं. आत सगळ्यावर धूळ, खुर्चीवर त्यांची उशी तशीच, आन फडक्याखाली त्यांचा कॉम्प्युटर चालू. कुणी बंदच केला न्हाई. जिते असताना ते मला हसून म्हणायचे, "वायरमन, मैं इसको इतवार का काम लगाके रख्या. मैं घर पे सोता, ये मेरे हफ्ते के वजन भेजता." त्यांची वजनाची वही गोदावरीच्या पोटात होती. दर रविवारी साडेबाराला तो डबा त्या वहीसाठी तिला हाक मारत होता. माणूस गेला, त्यानं लावलेली हाक चालू होती.

मी उभा राहिलो. उशीवर बसायची हिंमत झाली न्हाई. "चाचा, आता पुरे," म्हणलं आन बटण दाबलं.

मॅडमनी पुण्याहून गोदावरीची सेटिंग बदलली. म्हणल्या, "हिची एकटीचीच सेटिंग चुकून ढिली राहिली होती, ती कुणीही काहीही बोललं तरी उठायची. आता सोळा वेळा नाव घेतल्याशिवाय उठणार नाही."

मी घरी येऊन हे सांगितलं. ही भाजी निवडून राह्यली होती. हसली न्हाई ह्या बारीला. म्हणली, "बिचारी वाट बघत असंल."

आता जाळ्या धुतल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. सोमवार.

ती पाचला उठायची. सहा वाजले तरी चुलीकडं आवाज न्हाई. मी म्हणलं, अगं. म्हणलं, सुनीताची माय, उजाडलं. ती कुशीवर होती, श्वास चालू, अंग गरम. डोळे मिटलेले. हलवलं तर हात खाली पडला. मी पुन्हा म्हणलं, अगं ए.

दवाखान्यात म्हणले, डोक्यात रक्त सांडलंय. मोठं ऑपरेशन झेपणार न्हाई. सुनीता सासरहून, राजूरहून आली. दोन दिवस आम्ही बसून. डॉक्टर पोरगी चांगली होती. ती म्हणली, "बाबा, बोलत राहा. त्यांच्या ओळखीच्या आवाजात हाक मारा. बाहेरून काही दिसलं नाही तरी ऐकू येत असतं कधीकधी."

मला काय झालं ते सांगतो. मी वाकून पलंगाच्या मागं बघितलं. कशासाठी, मलाच कळलं न्हाई. तिथं मशीन होती तिच्या बोटाला लावलेली, आन तिला एक हिरवा दिवा होता.

सुनीता हाक मारायची, "माय, ए माय." मी म्हणायचो, "ऐकलं का." म्हणजे ती जे मला म्हणायची तेच मी तिला म्हणायला लागलो.

सुनीता बापाला दादा म्हणती. म्हणली, "दादा, नावानं हाक मारा ना. डॉक्टर काय म्हणल्या?"

आजूबाजूला सहा पलंग. सहा घरचे लोक. एक म्हातारा मला ओळखत होता, आमच्याच पाहुण्यातला. मी तोंड उघडलं आन मिटलं.

"दादा, कुणी बघून न्हाई राह्यलं."

"बघू नंतर," म्हणलो मी. हे लिहिताना हात थांबतो. पण म्हणलो ते म्हणलो.

बुधवारी सकाळी मॅडमचा फोन. मिरगाच्या आधीचा आठवडा, बियाण्याचा खरा हंगाम. "मामा, एक मशीन उठत नाहीये. इथून सगळं करून बघितलं. उरलेल्या तिघींवर भार पडलाय, त्या बसल्या तर सगळंच बसेल. तुम्ही कंपनीत आहात ना?"

त्यांना दवाखान्याचं माहीत नव्हतं. खोलीची चावी माझ्या कमरेला. मी वॉचमनला बोलावून चावी देऊ शकलो असतो. मॅडमला सांगितलं असतं तर त्यांनी मला हलू दिलं नसतं. खरं सांगू? मला त्या पलंगापासून उठायला निमित्त पाहिजे होतं.

सुनीता माझ्या जागेवर सरकून बसली.

"जल्दी येतो," म्हणलो.

खोलीत गेलो. जाळ्या नव्हत्या म्हणून एसी धूळ ओढून राह्यले होते. तिघी घूं घूं करत होत्या. चौथी गार. फोन स्पीकरवर ठेवला.

"मामा, कुठली ते नीट बघा. नंबर नको. नाव सांगा."

पट्टीवर तिचंच अक्षर. कडेनं थोडं सुटलेलं.

"गोदावरी," मी म्हणलो.

भिंतीला लागून आवाज परत आला. मॅडमला जुनी गोष्ट आठवली असंल. मंग म्हणल्या, "बरोबर. मागचा हिरवा दिवा आहे का?"

"आहे."

"म्हणजे तिचा तो जागा तुकडाच अडकलाय. दिवा दाखवतोय पण ऐकत नाहीये. त्याला पूर्ण मारावं लागेल. दोन्ही केबल काढा आणि दिवा विझेपर्यंत थांबा. मध्येच लावू नका."

हे काम मी शंभरदा केलेलं. पहिली वायर काढली. दुसरी काढायला हात जाईना. काढली. वायर काढली तरी तो दिवा लगेच जात न्हाई. आत उरलेल्या करंटवर जळत राहतो. बारीक होत होत जातो. मी बघत होतो. तो गेला, तव्हा ती मशीन मी पहिल्यांदा खरी बंद बघितली. इतकी बंद कुठलीच वस्तू मी बघितली न्हाई.

वायरी परत लावल्या. दिवा येईना. पत्र्यावर हात ठेवला. तिथं कुणी नव्हतं. सहा पलंग नव्हते, पाहुणा नव्हता. मी म्हणलो, "गोदावरी. ऊठ गोदावरी." मोठ्यानं म्हणलो. किती वेळा म्हणलो ते मोजलं न्हाई. फोन चालू आहे हे डोक्यात नव्हतं.

हिरवा दिवा आला. थोड्या वेळानं पत्रा हाताखाली थरथरला, पंखे चढले.

"उठली, मामा," मॅडम हळूच म्हणल्या. "मामा, तुम्ही ठीक आहात ना?"

मोबाइलवर सुनीताचे चार फोन येऊन गेले होते.

मी पोहोचलो तव्हा चादर तोंडावर घेतलेली होती. सुनीता भिंतीला टेकून बसलेली. रडत नव्हती. म्हणली, "दादा, मायनं डोळे उघडले होते. पुरे उघडले. दाराकडं बघितलं. मला वाटलं तुम्हीच आले, म्हणून मी बी दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं."

"मंग?"

"मंग गेली."

मी भुताखेताचा माणूस न्हाई. रहीमचाचाच्या डब्याचा उलगडा मी स्वतः केलेला आहे. पण एवढं सांगतो. गोदावरी कितीला उठली त्याची नोंद मॅडमकडं मिनिटासकट आहे, मशिनी सगळं लिहून ठेवतात. इकडं दवाखान्याच्या कागदावर वेळ लिहिलेली आहे. दोन्ही समोर ठेवले की झालं, मला कळंल. मॅडमनी नंतर एकदा स्वतःहून विचारलं, "मामा, त्या दिवशीची वेळ सांगू का?" मी न्हाई म्हणलो. दवाखान्याचा कागद सुनीतानं ट्रंकेत ठेवलाय, तो मी उघडलेला न्हाई. वेळ जुळली तर तिनं ऐकलं आन मी तिथं नव्हतो. न्हाई जुळली तर तिनं ऐकलंच न्हाई. ह्यातलं कुठलं घेऊन झोपू?

मॅडम म्हणल्या, मशीनचं नाव बदलते. म्हणलं, बिलकुल न्हाई. रिटायर झालो त्या दिवशी मी तिच्यावर नवी चिकटपट्टी लावली न्हाई, जुनीच बोटानं दाबून बसवली.

बुधवारी संध्याकाळी अग्नी दिला. घर पाहुण्यांनी भरलेलं. गुरुवारी सकाळी पाचला मला जाग आली. सगळे झोपलेले, सुनीता पोराला कुशीत घेऊन. चुलीकडं आवाज न्हाई. मी अंगणात आलो. तारेला चारी जाळ्या तशाच होत्या, तिनं लावलेल्या चिमट्यात. रविवारपासून कुणी हात लावला नव्हता.

मी तारेखाली उभा राहिलो आन तिच्या नावानं हाक मारली. हळू न्हाई, जशी माणूस घरात आत असलेल्या माणसाला मारतो तशी. अंगठा बोटाच्या पेरावर ठेवून मोजत गेलो, शेंडा धरून एका बोटाला चार, चार बोटांचे सोळा. पाचव्या-सहाव्याला शेजारची कडी वाजली आन बाई बाहेर येऊन उभी राहिली. दहाव्याला आमचे पाहुणे उठून दारात आले. मी सोळा पुरे केले.

थोडा वेळ थांबलो. दिवा यायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे.

मंग एकेक चिमटा काढला, जाळ्या सायकलला बांधल्या आन कामावर गेलो.